पोपटाची नखे : कापावीत की राहू द्यावीत?

पिंजऱ्यात लहान पोपट पाळणाऱ्या घरात एक प्रश्न केव्हा ना केव्हा निघतोच : ‘याची नखे फार वाढली आहेत, कापायची का?’ प्रश्न वरवर अगदी साधा दिसतो. आपली नखे वाढली की आपण कापतो, बैलाचे खूर वाढले की तासून घेतो, मग पोपटाच्या नखांनीच काय घोडे मारले आहे? प्राणिशास्त्राचा अध्यापक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो आणि माझे पहिले उत्तर ठरलेले असते : कात्री बाजूला ठेवा आणि आधी पक्षी उभा कसा राहतो ते पाहा. विचारणारा बहुधा हिरमुसतो. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ हवे असते.

गेल्या हिवाळ्यात हाच प्रश्न भोपाळहून आला. भोपाळला रायसेन रस्त्यावर आनंद नगर नावाची वस्ती आहे. ‘भेल’चा अवजड विद्युत सामग्रीचा कारखाना आणि त्याची पिपलानीची वसाहत तेथून जवळच. १९५६ साली स्थापन झालेल्या या कारखान्यात नोकरीसाठी जी मराठी माणसे तिकडे गेली, त्यांत माझ्या मावसबहिणीचे सासरे होते. तेव्हापासून ते घराणे भोपाळचेच झाले. त्यांच्या घरी दोन लहान पोपट आहेत. एक हिरवा नर, वय सहा वर्षे. दुसरी पिवळी मादी, जेमतेम चार-पाच महिन्यांची. भाचीने मोबाइलवर दोघांच्या पायांची छायाचित्रे पाठवली आणि खाली लिहिले, ‘मामा, पिवळी खांद्यावर बसली की नखं टोचतात. आई म्हणते तिची कापून टाक. हिरव्याचं काही नाही ना? तो तर दिवसभर नुसता बसून असतो.’

या दोन ओळींत सगळा विषय आला आहे. तेव्हा तोच धागा धरून पुढे जाऊ.

प्रथम हा पक्षी कोणता ते सांगितले पाहिजे, कारण बाजारात नावांचा मोठा गोंधळ आहे. भोपाळ असो की बेळगाव, दुकानदार ज्यांना ‘लव्ह बर्ड’ म्हणून जोडीने विकतो ते बहुधा बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे आणि जाड चोचीचे. बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ प्रदेशातला पक्षी. जॉर्ज शॉ याने १८०५ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि १८४० साली जॉन गूल्ड याने जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. तेथून तो जगभरच्या पिंजऱ्यांत पसरला. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम अठरा सेंटीमीटर आणि वजन तीस ते चाळीस ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या चार-पाच नाण्यांएवढे. हे वजन लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता पाय. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत पक्ष्यांच्या पायांची चित्रे काढलेली असतील. कावळ्याची तीन बोटे पुढे आणि एक मागे. पोपटाची दोन पुढे आणि दोन मागे. म्हणजे त्याचा पाय हा चिमट्यासारखा चालतो. पोपट पायाने फांदी पकडतो, दाणा धरतो, पिंजऱ्याच्या तारांवर चढतो, आणि चढताना चोच तिसऱ्या पायासारखी वापरतो. या सगळ्या कसरतीत आठ नखांचे काम आकड्यांचे आहे. गुळगुळीत किंवा डुलणाऱ्या फांदीवर बोटांची पकड सुटू लागली की नखे सालीत रुततात आणि पक्षी सावरतो. रात्री झोपेतही हेच चालू असते. तेव्हा ‘नखे टोकदार आहेत’ ही तक्रार पोपटाच्या बाजूने पाहिली तर तक्रार उरतच नाही.

नखाची रचनाही पाहण्यासारखी आहे. बोटाच्या शेवटच्या हाडावर शिंगासारख्या कठीण पदार्थाची एक टोपी चढलेली असते. हाच पदार्थ आपल्या नखांत आणि केसांत असतो. या टोपीची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वेगाने वाढते, म्हणून नख सरळ न वाढता खाली वळते. वळणे हा दोष नव्हे. टोपीच्या आत, हाडाला धरून, रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. मराठीत त्याला ‘जिव्हाळी’ असा नेमका शब्द आहे. आजीच्या तोंडी ‘जिव्हाळीपर्यंत नख काढू नको रे’ हे वाक्य अनेकांनी ऐकले असेल. हल्लीच्या मुलांना शब्द ठाऊक नसतो, वेदना मात्र ठाऊक असते.

पिवळ्या किंवा पांढऱ्या बजरीगरची नखे फिकट असतात आणि उजेडासमोर धरली तर आतली जिव्हाळी गुलाबी रेषेसारखी दिसते. हिरव्या-निळ्या पक्ष्यांची नखे पुष्कळदा करडी किंवा काळपट असतात. त्यांत काही दिसत नाही. येथेच पहिली अडचण आहे. नख लांब राहिले की आतली जिव्हाळीही हळूहळू त्याच्याबरोबर पुढे येते. त्यामुळे ‘एवढे लांब आहे, अर्धे तरी कापता येईल’ हा हिशेब चुकतो.

आणि चुकला तर काय? पक्ष्याच्या शरीरात त्याच्या वजनाच्या साधारण एक-दशांश रक्त असते. पस्तीस ग्रॅमच्या बजरीगरमध्ये म्हणजे सुमारे साडेतीन मिलिलिटर. चहाचा एक चमचाही भरणार नाही. त्यातले एक-दशांश रक्त गेले तर निरोगी पक्षी सहसा सोसतो. एका मिलिलिटरचे सुमारे वीस थेंब धरले तर हे सात थेंब होतात. आपल्या बोटाला कापले तर सात थेंब आपण चोखून टाकतो आणि कामाला लागतो. बजरीगरच्या बाबतीत सात थेंबांनंतर काळजीचा प्रदेश सुरू होतो, आणि आजारी पक्ष्याच्या बाबतीत त्याही आधी.

मग निर्णय कसा घ्यावा? लांबी मोजून घेऊ नये. अमुक मिलिमीटर म्हणजे जास्त, असा आकडा जातीजातीप्रमाणे आणि पक्ष्यापक्ष्याप्रमाणे बदलतो. त्याऐवजी पक्षी सपाट जागेवर, उदाहरणार्थ टेबलावर किंवा पिंजऱ्याच्या तळाच्या कागदावर, उभा असताना डोळे त्याच्या पायांच्या पातळीवर आणून बाजूने पाहावे. बोटांच्या खालच्या गाद्या जमिनीला टेकल्या असतील आणि नखाचे टोक जेमतेम स्पर्श करीत असेल, तर नखे योग्य आहेत. नखाच्या रेट्याने बोटाचे टोक वर उचलले जात असेल, किंवा बोट एका कुशीवर वळत असेल, तर ती वाढलेली आहेत. हे एकदा पाहून भागत नाही. पक्षी भेदरला की तो पाय आखडून उभा राहतो. दोन-तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी पाहावे.

दुसरी पाहणी चालण्याची. पडदा, टॉवेल, सदऱ्याची बाही यांत नख अडकते का? पिंजऱ्याची तार सोडताना पक्षी पाय झटकतो का? एखाद्या वेळी अडकणे कोणत्याही पोपटाचे होते. रोज होऊ लागले तर मात्र दुर्लक्ष करू नये. अडकलेला बजरीगर घाबरून फडफडतो, उलटा लोंबकळतो आणि त्यात नख मुळापासून उपटले जाते किंवा पायाचे हाड मोडते. ‘निसर्गाने दिले आहे ते निसर्ग पाहील’ म्हणून कधीच न कापणारेही असतात. पिंजऱ्यात निसर्ग फारसा उरलेला नसतो, हे ते विसरतात.

तिसरी पाहणी आठही नखांची तुलना. सात नीट आणि एकच लांब असेल तर त्या बोटाची चौकशी करावी. ते बोट पक्षी टेकत नसेल. जुनी इजा असेल, सांधा आखडला असेल. नुसते नख कापून ते बोट बरे होत नाही.

या तिन्ही पाहण्या भाचीला फोनवरून करायला लावल्या. पिवळीची बोटे सपाट टेकत होती, नखांचा बाक हलका होता, कुठे अडकत नव्हती. तिची नखे फक्त सुईसारखी अणकुचीदार होती. लहान वयात ती तशीच असतात, कारण टोक झिजायला अजून अवधी मिळालेला नसतो. शिवाय नुकत्याच उडू लागलेल्या पिलाला त्या टोकाची गरज सर्वांत जास्त. ती बोथट केली की ते दांडीवरून घसरते, पडते, आणि एकदा-दोनदा पडले की धीटपणा गमावते. खांद्याला टोचत असेल तर खांद्यावर जाडसर ओढणी घ्यावी. पिवळीच्या बाबतीत उत्तर एवढेच होते.

हिरव्याचे छायाचित्र मात्र मला बेचैन करून गेले. त्याची नखे अर्ध्या वर्तुळाहून पुढे वळली होती, दोन्ही पायांची मधली बोटे कुशीवर गेली होती. ‘नुसता बसून असतो’ याचा अर्थ ‘शहाणा आहे’ असा घरच्यांनी घेतला होता. अनेक घरांत घेतात. पोपट शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. दुखणे लपवणे हा त्याचा जन्मजात स्वभाव. तो उघडपणे आजारी दिसू लागतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

नखे वाढली म्हणजे ती वाढण्याला किंवा न झिजण्याला काहीतरी कारण आहे. निम्म्याहून अधिक घरांत ते कारण पिंजऱ्यातच असते, असे माझे मत झाले आहे. दुकानातून पिंजरा आणला की त्यात दोन गुळगुळीत, गोल, सारख्या जाडीच्या दांड्या असतात. पक्षी तिच्यावर बसतो तेव्हा बोटे दांडीभोवती वळतात आणि नखाची टोके खाली हवेत राहतात. टोक कशालाच घासत नाही. मोकळा बजरीगर दिवसातला मोठा वेळ जमिनीवर चालत गवताचे बी टिपतो, खडबडीत सालीवर चढउतार करतो. त्याच्या नखांना रोज सहाण मिळते. तेव्हा उपाय सोपा आहे : एक दांडी काढून तेथे खऱ्या झाडाची फांदी बसवावी. पेरूची किंवा कडुलिंबाची चालते. ती वेडीवाकडी, कुठे करंगळीएवढी तर कुठे अंगठ्याहून जाड अशी असावी. जाड भागावर बोटे पुरी वेढा घालू शकत नाहीत आणि नखाची टोके सालीला टेकतात. फांदी औषध न फवारलेल्या झाडाची, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेली हवी. कण्हेर मात्र चुकूनही नको; ती विषारी आहे आणि पोपट बसतो त्या गोष्टीची साल सोलल्याशिवाय राहत नाही. चालण्यासाठी पिंजऱ्याच्या तळाशी एक खडबडीत सपाट दगड किंवा विटेचा तुकडा ठेवला तरी फरक पडतो.

काही दुकानदार दांडीवर चढवायला सँडपेपरची नळी देतात. कल्पना ऐकायला चांगली वाटते, परंतु वर सांगितलेली गोष्ट आठवा : दांडीला टेकतात त्या बोटांच्या गाद्या, नखांची टोके नव्हेत. त्यामुळे नख तसेच राहते आणि तळवा सोलवटून निघतो. त्यातून जखमा होतात, त्या चिघळतात. असली नळी असेल तर काढून टाकावी.

दुसरे कारण पोटात असते. बजरीगरला बहुतेक घरांत वर्षानुवर्षे एकच धान्य घालतात. भोपाळकडे त्याला कांगनी म्हणतात, आपल्याकडे राळे, आणि या अंकाच्या कन्नड विभागातील वाचक त्याला नवणे म्हणून ओळखतात. माणसाला ते उत्तम धान्य. पण उडण्याची सोय नसलेल्या पक्ष्याला केवळ दाण्यांवर ठेवले तर त्याच्या यकृतात चरबी साठत जाते. यकृत बिघडले की चोच आणि नखे यांची वाढ बिघडते. ती भराभर आणि वेडीवाकडी वाढू लागतात, चोचीवर किंवा नखांवर रक्त साकळल्यासारखे काळपट ठिपके दिसतात. म्हणून नखांची शंका आली की लगेच चोच पाहावी. दोन्ही एकदम वाढली असतील तर प्रश्न कात्रीचा राहत नाही, पशुवैद्याचा होतो. अशा पक्ष्याचे रक्त गोठण्यातही अडचण येते. घरी कापताना जिव्हाळी दुखावली तर ते थांबता थांबत नाही. म्हणजे ज्याची नखे सर्वांत वाईट दिसतात, त्याचीच घरी कापणे सर्वांत धोक्याचे असते.

हिरव्याची चोच पाहायला सांगितली. ती लांबली होती आणि मधोमध दोन काळसर ठिपके होते. भाचीने स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर लहान डबा ठेवून त्यात त्याला उभे केले : अठ्ठेचाळीस ग्रॅम. दुसऱ्याच दिवशी पशुवैद्याकडे नेले. त्यांनी यकृताचाच संशय घेतला, औषध दिले, आहार हळूहळू बदलायला सांगितले आणि नखांची फक्त टोके स्वतः कापली. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा आहे. राळे एकदम बंद करून पालेभाजी पुढे ठेवली तर हट्टी बजरीगर उपाशी राहतो, आणि एवढ्याशा पक्ष्याला एक दिवसाचा उपासही जड जातो. कोथिंबीर, मेथी, पालक, किसलेले गाजर रोज थोडे थोडे दाण्यांबरोबर ठेवत जावे.

तिसरे कारण एक सूक्ष्म कीड. चोचीच्या मुळाशी, डोळ्यांभोवती आणि पायांवर पांढुरकी, सच्छिद्र, मधाच्या पोळ्यासारखी खपली दिसू लागते. पुढे चोच आणि नखे वाकडी होतात. पशुवैद्य औषध देतात आणि ते लागू पडते. खोबरेल चोपडून बसू नये. तेलाने पिसे चिकटतात आणि पक्ष्याला थंडी बाधते.

येथे एक वेगळा मुद्दा सांगणे भाग आहे. घरातला ‘लहान पोपट’ जर आपला देशी राघू, म्हणजे कन्नडातील ‘गिळी’, किंवा भोपाळकडे मिळणारा टुइया तोता असेल, तर नखांचा प्रश्न दुय्यम ठरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, राघू दुसऱ्या अनुसूचीत आहे. आजोबांच्या ओसरीवर मिठू होता, म्हणून आपणही ठेवावा, हा युक्तिवाद आता चालत नाही. असा पक्षी वनखात्याच्या स्वाधीन करावा. परस्पर आकाशात सोडून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्याला बाहेर जगता येत नाही. बजरीगर, कॉकॅटिएल आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड हे परदेशी पक्षी मात्र पाळता येतात; साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतूनही ते वगळलेले आहेत. आपल्या वाङ्मयात पोपटाने राजकन्यांचे निरोप पोचवले, ‘शुकबहात्तरी’त तर रात्रीमागून रात्री गोष्टी सांगितल्या. त्याच्या पायाकडे पाहायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

समजा सगळ्या पाहण्या झाल्या, पक्षी खातो-पितो आहे, चोच ठीक आहे, कीड नाही, फांदी बदलून महिना दोन महिने झाले आणि तरीही बोटे उचलली जात आहेत. तर कापावे. पहिल्या खेपेस पशुवैद्याकडून करवून घ्यावे आणि नीट पाहून घ्यावे. पुढे घरी करायचे झाल्यास दोन माणसे हवीत, एक धरणारा आणि एक कापणारा. एकट्याने करण्याचे हे काम नाही.

धरण्यात कापण्याहून जास्त जोखीम आहे. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच त्याच्या शरीरात हवा येते-जाते. छातीभोवती मूठ आवळली तर नाक मोकळे असूनही तो गुदमरतो आणि मूठ उघडेपर्यंत संपलेला असतो. पातळ मऊ रुमालात त्याला पाठीकडून घ्यावे, डोके तर्जनी आणि मधले बोट यांच्यामध्ये हलकेच धरावे, तळहातात पाठ टेकवावी आणि छाती पूर्ण मोकळी ठेवावी. चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला तर तत्क्षणी सोडून द्यावे. नखे उद्याही कापता येतात.

कापणी सकाळी करावी, म्हणजे काही झाले तर दवाखाना उघडा असतो. लहान मुलांचे धारदार नेलकटर पुरते. बोथट हत्याराने नख चिरते. फिकट नख असेल तर मागून टॉर्चचा उजेड धरून जिव्हाळी पाहावी आणि तिच्यापासून निदान दोन मिलिमीटर दूर राहावे. काळे नख असेल तर टोकाचा केवळ एक मिलिमीटर घ्यावा आणि थांबावे. याहून सुरक्षित म्हणजे कानशीने घासणे. आपल्याकडे नखे घासायची जी कागदी पट्टी मिळते ती चालते. वेळ जास्त लागतो, म्हणून एका बैठकीत दोन-तीन नखे करावीत. टोक थोडे थोडे कापत गेले तर काही आठवड्यांत जिव्हाळीही मागे सरकते आणि पुढची कापणी सोपी होते.

रक्त आलेच तर हाताशी मक्याचे पीठ, म्हणजे बाजारात मिळणारे कॉर्नफ्लॉवर, आधीपासून वाटीत काढून ठेवलेले असावे. चिमूटभर पीठ नखाच्या टोकावर दाबून धरावे, दोन-तीन मिनिटे न सोडता. मध्येच उचलून पाहण्याचा मोह आवरावा. धरू लागलेली गुठळी त्याने निघते. थांबल्यावर पक्ष्याला पिंजऱ्यात, मंद उजेडात, स्वच्छ पांढऱ्या कागदावर ठेवावे, म्हणजे पुन्हा थेंब पडला तर लगेच दिसेल. तासभर लक्ष ठेवावे. दहा मिनिटांत थांबले नाही तर पीठ दाबलेल्या अवस्थेतच दवाखाना गाठावा. उरलेली नखे त्या दिवशी तशीच राहू द्यावीत.